आधी कुणाला विचारलं

४ नोव्हेंबर, सोमवार

सहा टक्के. म्हणजे पास!

तरी मी निबंध पुढे पाठवला नाही. का, ते अजून मलाच नीट सांगता येत नाहीये. म्हणून इथे लिहिते.

आमच्या नियतकालिकाकडे आलेला प्रत्येक शोधनिबंध आधी माझ्याकडे येतो. मी तो सॉफ्टवेअरमध्ये टाकते. यातलं किती आधी छापलेल्याशी जुळतं, त्याचा ते आकडा देतं. दहाच्या आत असला की पुढे. संपादक धीरज सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते – "नंबर देखो, बेटा. पढ़ने बैठोगी तो शाम हो जाएगी." मी तरी वाचते. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून.

आजचा निबंध इंग्रजीत होता. विजयालक्ष्मी बोराटे यांचा. महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. विषय – छावणीतल्या फॅमिली क्वार्टर्स, जवानांच्या बायका आणि नवऱ्याची सुट्टी. सुट्टीची तारीख कळली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बायका एकमेकींना कशा पोचवायच्या. साखरेच्या वाटीतून, साखरेच्या खाली. वाटी एखाद्या पोरीच्या हातात द्यायची. "आईने साखर परत दिलीय, म्हणून सांग."

मी अशा वाट्या नेल्या आहेत! अंबाल्याच्या छावणीत, सात-आठ वर्षांची असताना. आत काय असतं ते तेव्हा माहीत नव्हतं. ते कळलं कॉलेजात, एक लेख वाचताना. कान तापले होते, आठवतंय.

तो लेख मराठीत होता.

म्हणजे हे मी आधी वाचलंय.


५ नोव्हेंबर

दामूकाकांना फोन केला. मी साताऱ्याला शिकत होते तेव्हा ते कॉलेजच्या ग्रंथालयात होते, अजून तिथेच आहेत. "कोण? प्रज्ञा? कोपऱ्यात बसून वह्या भरायची ती?" हो, तीच. मी सांगितलं – एक त्रैमासिक, सात-आठ वर्षांपूर्वीचं, निळं मुखपृष्ठ, साखरेच्या वाटीची गोष्ट. "निळी तर सगळीच आहेत गं. बघतो. तू जेवलीस का?"

हे मला इथे दिल्लीत कुणी विचारत नाही. काकांनी फोन ठेवला तरी मी थोडा वेळ तसाच कानाला धरून बसले.


८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोटो आले! अकरा पानं स्वच्छ. बारावं हललंय, वाचता येत नाही. परत मागितलं नाही, शेवटी संदर्भच असणार.

'उसनी साखर'. लेखक – प्रा. डॉ. श्यामकांत नाईकवडे. साल २०१७.

दोन रकान्यांचा तक्ता केला. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. ओळीला ओळ लागत गेली. सुट्टी रद्द झालेल्या नाईकाच्या बायकोची हकीकत तीच. हौसाबाई नावाची बाई दोन्हीकडे तेच म्हणते – "सुट्टी सरकार देतं, तारीख आम्ही सांभाळतो." एक्केचाळीस वाक्यं! सॉफ्टवेअर बिचारं इंग्रजीशी इंग्रजी ताडून पाहतं. त्याला मराठी कुठून कळणार?

सुजय मागून डोकावला. शेजारच्या टेबलावर बसतो. दिल्लीतच वाढलाय, मराठी घरापुरतं. "उसनी म्हणजे?"

"परत करायच्या बोलीवर आणलेलं."

"अच्छा, उधार! मग या मॅडमनी पण उधारच आणलंय, यार. फक्त शेजारणीला न सांगता."

तो हसला. मीही.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. इथे आल्यापासून एवढा झाला नव्हता. मशीनला दिसलं नाही ते मला दिसलं! एका बाईची चोरी सापडली म्हणून आनंद – हे बरं नाही. पण झाला.


९ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. सकाळपासून कुणाशी एक शब्द नाही. खाली घरमालकीण आंटी "पानी आ गया" म्हणाल्या, मी "जी" म्हटलं. तेवढंच.

बाहेर सगळं धुरकट. इंदिरापुरमच्या या गच्चीवरून एरवी हायवे दिसतो, आज समोरची इमारतही अर्धीच.

सारखं एकच येतंय मनात. त्या नाईकवडे सरांना माहीत असेल का? कुठेतरी लहान गावात बसले असतील. इतकी मेहनत करून लिहिलं आणि इथे कुणीतरी आपल्या नावावर...

चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आप्पांच्या बदल्या. दर दोन वर्षांनी काळी पेटी, नवी क्वार्टर. गावाहून पोस्टाने पुस्तकं यायची आणि आई शिकवायची – ओट्याशी भाजी चिरता चिरता. एकदा पलीकडच्या क्वार्टरमधल्या शंभूचा उंटावरचा निबंध मी उतरवून काढला. आईने दोन ओळी वाचल्या. रागावली नाही. वही मिटून हातात दिली. "ज्याचं आहे त्याला आधी सांगून ये." मी गेले. शंभूची आई दारात, शंभू तिच्या मागे. सांगितलं. शंभू म्हणाला, "मग काय झालं?" मला मात्र परतताना अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. ज्याचं आहे त्याला आधी सांगायचं. मग बाकीच्यांना.

नाईकवडे सरांचा ईमेल पत्ता विद्यापीठाच्या साइटवर मिळाला. आता विभागप्रमुख आहेत. मराठीत पत्र लिहिलं, 'आदरणीय सर' म्हणून. तीन वेळा लिहिलं. चांगलं उतरलंय.


१० नोव्हेंबर

पाठवलं. सोबत तक्ताही जोडला.


११ नोव्हेंबर, सोमवार

धीरज सरांना दाखवलं. खुर्चीतून उठले. "क्या बात है! सिक्स परसेंट में से निकाला तुमने?" दोघा-तिघांना बोलावून दाखवलं. माझं प्रोबेशन डिसेंबरात संपतं. म्हणाले, समजो पक्का.

मग म्हणाले, "अब बिल्कुल प्रोसीजर से चलना है." आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर तक्ता आहे. वाङ्मयचौर्याचा संशय आला तर काय करायचं, चौकटी आणि बाण. पहिली चौकट – लेखकाला पुरावा दाखवा, आरोप न करता खुलासा मागवा. दुसरी – खुलासा येईपर्यंत बाहेर कुणालाही कळवू नका.

रोज चहा पिताना मी त्या तक्त्याकडेच तोंड करून उभी असते.

सरांना सांगितलं नाही. उद्या सांगते.


१२ नोव्हेंबर

सांगायची वेळच आली नाही. नाईकवडे सरांचं उत्तर आलं.

'चि. प्रज्ञा, तुझ्यासारखी मुलं अजून आहेत हे पाहून डोळे भरून आले.' खाली – 'सदर व्यक्ती एकेकाळी माझीच विद्यार्थिनी होती, याचं दुःख सर्वाधिक.' त्याखाली प्रती कुणाकुणाला, ती यादी. आमचे संपादक. त्यांचे कुलगुरू. त्यांच्या विद्यापीठाची संशोधन समिती. माझं पत्र आणि माझा तक्ता, दोन्ही जोडून.

कुलगुरू!

चि. प्रज्ञा हे चार वेळा वाचलं. चांगलं वाटलं. मग ती यादी पुन्हा वाचली.


१३ नोव्हेंबर

धीरज सरांनी दार लावून घेतलं. "तुमने उनको पहले लिखा? लेखिका से पूछने से पहले?"

"हो सर. जी."

"क्यों?"

आई, शंभू, उंट – हे हिंदीत कसं सांगणार?

सर पेन आपटत होते. मग म्हणाले, मूळ लेखकानेच माझं आहे म्हटलं, आता लेखिकेला विचारून काय होणार. रिजेक्ट. "और तुम्हारी वो चिट्ठी – ऑफिस के रिकॉर्ड में नहीं आएगी. शिकायत सीधे उनकी तरफ़ से आई, बस. समझीं?" मला वाचवत होते. पक्की नोकरी द्यायची म्हणतात ना.

मी थँक्यू म्हटलं.


१८ नोव्हेंबर, सोमवार

हवेमुळे ऑफिस बंद, घरून काम. खिडकीच्या फटींना वर्तमानपत्र लावलंय. तीन दिवस मराठीत तोंड उघडलेलं नाही. सकाळी मोठ्याने 'पातेलं' म्हणून पाहिलं. आवाज परका वाटला.

दुपारी नियतकालिकाच्या ईमेल-पेटीत विजयालक्ष्मी बोराटेंचं पत्र. इंग्रजीत, चार ओळी. निबंध नाकारल्याचं कळलं. कारण कुणीही विचारलेलं नाही. विद्यापीठाने पीएच.डी.ची मौखिक परीक्षा थांबवली आहे, चौकशी नेमली आहे. 'तुम्ही माझ्याआधी त्यांना विचारलंत. का?'

धीरज सर फोनवर म्हणाले, जवाब मत देना.

सुजयने मेसेज केला – 'वो रो-धो रही होगी, तू मत सोच.' पण पत्रात रडणं नव्हतं. फक्त तो एक प्रश्न.


२० नोव्हेंबर, बुधवार

आज सगळं फिरलं. सावकाश लिहिते.

आईला फोन केला. ती आता गावी, आप्पा रिटायर. काय काम करतेस तिकडे, म्हणाली. म्हटलं, थांब, वाचून दाखवते. 'उसनी साखर' वाचायला घेतली. आईशी असलं कधी बोललेले नाही, पण फोनवर जमलं. वाटीचं आलं तशी ती हसायला लागली. "अगोबाई! हे छापून आलं होय? तू न्यायचीस की गं वाट्या, सुभेदारीणबाईंकडं. सांडवायचीस." पुढे वाचत गेले. गोळी चुकली की काय करायचं. सुट्टी रद्द झाली की ती गोळ्यांची पट्टी कुणाला द्यायची. पाण्याच्या नळाशी कोण काय बोलायचं. आई हं-हं करत ऐकत होती. मग म्हणाली, "बाई बरीच वर्षं राहिलेली दिसते आमच्यात. कुणाची बायको म्हणायची?"

"बाई नाही गं. सर आहेत. प्राध्यापक."

"कोण सर?"

"लिहिणारे."

"आणि हे त्यांना सांगितलं कुणी?"

"तिथल्या बायकांनीच."

आई म्हणाली, "प्रज्ञा, तुझ्या आप्पांना अजून माहीत नाही गं हे! लग्नाला बत्तीस वर्षं झाली. आणि परक्या पुरुषाला आम्ही खुर्ची टाकून सांगणार?"

फोन ठेवला. तक्ता उघडला. एक्केचाळीस वाक्यं, एकेक नव्याने वाचलं. 'नळाशी बसलेल्या चौघी.' 'ती परकर पिळता पिळता म्हणाली.' कुठला पुरुष तिथे बसला होता? मी क्वार्टरमध्ये वाढले. गवळी आला तरी बायका विषय बदलायच्या. मला हे कळायला हवं होतं. दिल्लीतल्या कुणाला नाही, सुजयला नाही, धीरज सरांना नाही – मला! मी वाक्यं जुळवत बसले. वाचलं नाहीच.

जवाब मत देना. ठीक आहे. पण फोन करू नको असं कुणी म्हणालेलं नाही... हे काय लिहितेय मी? पळवाटा.

फोन केला नाही.


२५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिस सुरू. साडेअकराला सुजय आला. "तुझी मॅडम बाहेर बसलीय."

"कोण माझी मॅडम?"

"साखरवाली."

काचेतून पाहिलं. चाळिशीच्या असतील. मरून स्वेटर, पायाशी कापडी पिशवी, आत जड काहीतरी. रिसेप्शनवाली सांगत होती, अपॉइंटमेंट नाही, ईमेल करा. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा बसायच्या. दीडपर्यंत बसल्या. धीरज सर मागच्या दाराने जेवायला गेले.

मी जागेवर. तीन वेळा उठले, तीन वेळा बसले. पाण्याचा ग्लास भरला आणि स्वतःच प्यायले.

त्या गेल्यावर जिन्यात जाऊन त्यांना फोन लावला. मराठीत बोलले, नाव सांगितलं. मग – "म्हणजे ते पत्र तुम्ही लिहिलंत. तरीच म्हटलं, दिल्लीतून एवढं शुद्ध मराठी!"


२६ नोव्हेंबर

कोपर्निकस मार्गावर, जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये. रजा टाकली. तब्येत बरी नाही म्हणून – खोटं.

विजयालक्ष्मीबाईंनी दोन थालीपीठं सांगितली होती. मला विचारलं नाही. "खा. तुमच्यावर राग आहे, पण उपाशी माणसावर नीट रागावता येत नाही मला." शेजारच्या टेबलावर परीक्षेची तयारी करणारी पोरं, बीडची की लातूरची, मोठमोठ्याने भांडत होती, नदीजोड प्रकल्पावरून. किती दिवसांनी एवढं मराठी ऐकत होते! आणि ऐकायची अशी वेळ.

पिशवीत सहा वह्या. तारखा घातलेल्या, २०१४ ते २०१६. त्या देवळालीला क्वार्टरमधल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. मुलं पाढे म्हणायची, आया लसूण सोलायच्या आणि बोलायच्या. रात्री घरी जाऊन हे सगळं लिहून काढायच्या. "सर एकदाच आले. गेटपर्यंत. पास नव्हता, परत गेले."

"मग लेख त्यांच्या नावावर कसा?"

"मी लिहिला, त्यांना तपासायला दिला. छापून आला तेव्हा वर त्यांचं नाव. मला म्हणाले, नवीन नावाला कुणी छापत नाही, पुढच्या वेळी तुझं टाकू. पेढे मीच आणले होते विभागात." हसल्या. "शेवटच्या पानावर तळाला आहे मी. 'क्षेत्रकार्यास साहाय्य – कु. विजयालक्ष्मी बोराटे.' ते पान नव्हतं का तुमच्याकडे?"

बारावं पान. हललेलं.

"तुम्ही तेव्हा तक्रार का नाही केली?"

"तुम्ही काल बाहेर का नाही आलात?"

मी थालीपीठाचे तुकडे करत राहिले. त्यांनीच पाणी पुढे केलं.

वह्या चाळल्या. हौसाबाई भेटल्या, शाईत, डाग पडलेल्या पानावर. 'सुट्टी सरकार देतं, तारीख आम्ही सांभाळतो.' बाजूला लिहिलं होतं – हे म्हणताना हौसाबाई पोराचं नाक पुसत होत्या. लेखात नाक नव्हतं. इंग्रजीत होतं! ते मी तक्त्यात धरलं नव्हतं, जुळत नव्हतं म्हणून.

निबंधात मराठी लेखाचा उल्लेख का केला नाही, हेही विचारलं. "काय लिहू? माझाच लेख, पण त्यांचा? पंधरा दिवस त्या एका टिपेवर अडले होते. मग सोडून दिली. ती चूक माझी, कबूल."

पाच डिसेंबरला चौकशी समिती आहे. वह्या दाखवल्या तर म्हणतील, घरी बसून आता लिहिल्या. "तुमचं एक पत्र पाहिजे. माझी बाजू घेऊ नका. जे झालं तेवढंच लिहा. आधी कुणाला विचारलं, मला विचारलं का, आणि सुरुवात कुणी केली. समितीपुढे आत्ता एवढंच आहे की दिल्लीच्या नियतकालिकाने चोरी पकडली. नियतकालिकाने मला विचारलंच नव्हतं, हे कळलं तर त्यांना पहिल्यापासून बघावं लागेल."

"माझी नोकरी..."

"हो. तेही आहेच." मग वह्या पिशवीत भरल्या. निघताना म्हणाल्या, "बघा. जमलं तर लवकर. सर रोज फोन करतात मला. अजून गोड बोलतात."


२७ नोव्हेंबर

पहिला मसुदा. फाडला. त्यात 'अनवधानाने' हा शब्द होता. अनवधानाने नव्हतं, अगदी विचार करून केलं होतं.


२८ नोव्हेंबर

वह्या खऱ्या आहेत असं मी लिहू शकते का? मी पाहिल्या. पण तपासल्या नाहीत. शाई किती जुनी, मला काय कळतं? 'मला खऱ्या वाटल्या' एवढंच लिहावं. की तेही नको?

त्यांचा मेसेज – 'झालं का?' 'उद्या देते,' म्हटलं.


३० नोव्हेंबर, शनिवार

पाचवा मसुदा. धीरज सरांनी पत्र रेकॉर्डवर येऊ दिलं नाही, हे लिहायचं का? ते तर मला वाचवायला. त्यांना मुलगी आहे बारावीला. पण न लिहिलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं.

आईला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. तिने काय सांगितलं असतं ते माहीत आहे, म्हणूनच.


१ डिसेंबर

एक वाक्य दिवसभर. 'मी चूक केली' की 'नियम मोडला'? दोन्ही खरं. जास्त खरं कुठलं?


२ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात सुजयला सांगितलं. सगळं. आधी हसला, मग नाही. "पागल है क्या? दहा दिवसांवर तुझं कन्फर्मेशन. ती तुझी कोण लागते?"

"कुणी नाही."

"मग?"

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "आत्ता पाठव ना मग. रोज काय कविता लिहितेस का?"

त्याला म्हटलं, प्रत्येक शब्द बरोबर हवा. घरी येऊन विचार केला. नाही, शब्दांचं नाही. मी घाबरले आहे. शब्द तपासत बसलं की घाबरल्यासारखं वाटत नाही, एवढंच.

उद्या नक्की.


४ डिसेंबर, बुधवार

पाठवलं. संशोधन समितीला, प्रत धीरज सरांना, प्रत विजयालक्ष्मीबाईंना. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. स्वतःच्या नावाने, एका पानात. काहीच लपवलं नाही, सरांचंही नाही. समिती उद्या आहे, म्हणजे वेळेत पोचलं.

अंगावरून काहीतरी उतरलं खरं.

बाईंचं उत्तर नाही. गाडीत असतील.


६ डिसेंबर

धीरज सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मैंने तो तुम्हें बचाया था, बेटा." कन्फर्मेशन होणार नाही. महिनाअखेरपर्यंत काम करायचं, मग नाही. तोवर पत्रांची पेटी मीच बघायची, दुसरं कुणी नाही.

सुजयने त्याच्या डब्यातला अर्धा पराठा माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला. आमच्यात हे पहिल्यांदाच.

बाईंना दोनदा फोन केला. बंद.


९ डिसेंबर, सोमवार

पेटीत विद्यापीठाचं पत्र. समिती पाच तारखेला भरलीच नाही, गरज उरली नव्हती. विजयालक्ष्मी बोराटे यांनी दोन तारखेलाच लेखी माफी दिली. डॉ. नाईकवडे यांनी मोठ्या मनाने विनंती केल्यावरून त्यांची तासिकांवरची नेमणूक चालू राहील, पीएच.डी.ची नोंदणी रद्द. प्रकरण बंद. माझं चार तारखेचं पत्र दप्तरी दाखल.

माफीपत्राची प्रत जोडली आहे. मराठीत, नाईकवडे सरांच्या विभागाच्या कागदावर टाइप केलेलं, खाली बाईंची सही. पहिली ओळ वाचली आणि कळलं. मी नाईकवडे सरांना लिहिलं होतं, ते पत्र आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं. फक्त जिथे 'त्यांनी' होतं तिथे 'मी' आहे.